दारात धरलेला हात

‘आणि सुटतं का?’

रूबेन सरांनी हे विचारलं तेव्हा ते झोपाळ्यावर बसले होते, की पडवीच्या कडेला उभे राहून वाळत घातलेली सुपारी परतत होते, हे ठोसरांना आता खात्रीने सांगता येत नाही. इतक्या वेळा त्यांनी तो प्रसंग लोकांना सांगितला आहे, की त्यातलं पाहिलेलं किती आणि सांगता सांगता जमलेलं किती, याचा त्यांना स्वतःलाच भरवसा उरलेला नाही. झोपाळा तर कदाचित दुसऱ्याच कुणाच्या घरचा असेल.

प्रश्न मात्र हाच होता.

आणि आपण काय उत्तर दिलं तेही त्यांना पक्कं आठवतं, कारण ते देताना त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला होता.

‘नाही सर. सुटत नाही. हेच तर...’

प्रश्न एका प्रतिपिंडाबद्दल होता. अंगात शिरलेली परकी वस्तू नेमकी ओळखून तिला चिकटणारा जो बारीक कण शरीर तयार करतं, तो प्रतिपिंड; लोक त्याला अँटिबॉडी म्हणतात. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत निरंजन ठोसर आणि त्यांचे सहकारी असले प्रतिपिंड स्वतः घडवत असत. त्यांच्या प्रतिपिंडाला काम एकच होतं. औषध पाठीवर घ्यायचं, रक्तातून पोटातल्या कर्करोगाच्या गाठीपर्यंत जायचं, गाठीतल्या पेशींना चिकटायचं आणि ओझं तिथं उतरवायचं.

असे दोन प्रतिपिंड तयार होते.

एक जुना. तो गाठीच्या पेशीला धरायचा, थोड्या वेळाने सोडायचा, मग शेजारच्या पेशीला धरायचा. कामाला बरा, पण पकड सैल.

दुसरा ठोसरांचा. जुन्याच्याच पकडीतले दुवे एकेक बदलून, तपासून, टाकून देऊन, पुन्हा बदलून त्यांनी तो कैक वर्षांत घडवला होता. तो एकदा चिकटला की धुऊन निघत नसे, मिठाच्या पाण्याने निघत नसे. प्रयोगशाळेतल्या मुलांनी त्याचं नाव ‘गोचीड’ ठेवलं होतं. ठोसर वरवर रागवायचे. पण ते नाव कानावर आलं की मनातून सुखावायचे.

रुग्णांवर चाचणी करायची तर दोघांतला एकच पुढे पाठवता येणार होता. माणसाच्या शिरेत जाईल इतका शुद्ध, पुरेसा माल बनवायला वर्ष निघून जातं, आणि संस्थेत तशी सोय एकाचीच होती. सोमवारी समिती बसून ठरवणार होती. गोचीड मागे राहिला तर ठोसरांच्या उमेदीची सगळी वर्षं शीतकपाटात जाणार होती.

त्यांच्या सहकारी यामिनी सातोसकर यांनी एका बैठकीत, आवाज न चढवता, म्हटलं होतं की त्यांना जुना बरा वाटतो. का ते नीट सांगता येत नाही. ठोसर लगेच म्हणाले होते की सातोसकरबाईंना जुन्या वस्तूंचा लोभच आहे, त्यांचा चष्मा पाहा. सगळे हसले. बाईही हसल्या. तेवढ्यावर तो विषय संपला होता.

तरी ठोसरांच्या मनात कुठेतरी सलत होतं. म्हणून समितीच्या आधी, शुक्रवारी, ते भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला आणि तिथून एसटीने रेवदंड्याला आले होते. रूबेन नवगावकर त्यांचे गुरू. ठोसरांना पिपेट हातात धरायला त्यांनी शिकवलं होतं. निवृत्त होऊन सर गावी बायकोबरोबर नारळ-सुपारीची वाडी बघत होते. पण समितीत त्यांचं नाव अजून होतं, आणि त्यांनी मान हलवली की इतरांच्या माना आपोआप हलत.

ठोसरांना ती मान हवी होती.

त्यांनी आलेख काढून सरांच्या मांडीवर पसरले. पकड किती वाढली, कशी वाढली, परदेशात कुणाकुणाला एवढी जमलेली नाही, हे सगळं सांगितलं. सांगताना आपला आवाज व्याख्यानातल्यासारखा होतोय हे त्यांना कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं. सरांनी प्रत्येक आलेख बघितला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली, आणि नीट रचून परत दिले.

आणि मग तो प्रश्न. आणि ते उत्तर.

सरांनी विचारलं, ‘पेशींचे थर किती होते?’

‘म्हणजे?’

‘ज्यांच्यावर बघितलंस त्यांचे.’

ठोसरांना हसू आलं. हे तर पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. प्लास्टिकच्या थाळीत पेशी पसरून वाढवतात. त्या तळाशी एकमेकींना लागून, फरशीसारख्या बसतात. वरून प्रतिपिंड ओतायचा, थाळी धुवायची, उरला किती ते मोजायचं. सगळ्या जगात असंच मोजतात.

‘एकच थर, सर.’

‘हं.’

सर वाडीकडे बघत बसले. सुपारीला यंदा कोळेरोग लागलाय, म्हणाले. औषध मारायला माणूस मिळत नाही, झाडावर चढणारे सगळे मुंबईला गेले, आणि मुंबईचा माणूस इथं येऊन आलेख दाखवतो.

ठोसर या टोमण्यावर हसले. ते मनापासून होतं की नाही, आठवत नाही.

आतून सरांच्या बायकोने, मिल्काबाईंनी, हाक दिली. पानं वाढली होती.

‘चल,’ सर उठत म्हणाले. ‘आत चल.’

ठोसरांनी चपला काढल्या आणि उंबऱ्यावर एक पाय ठेवला. तेवढ्यात सरांनी मागून त्यांचं मनगट धरलं.

आधी ठोसरांना वाटलं, माया आहे. मग वाटलं, सरांचा तोल गेला असेल. सत्तरी उलटलेला माणूस. ते थबकले. पण सर तर खांबासारखे उभे होते. सुपारी सोलून घट्ट झालेली बोटं होती ती. ठोसरांनी पुढे व्हायचा प्रयत्न केला. हात काही पुढे आला नाही.

‘चल ना,’ सर म्हणाले.

‘हो, सर.’

...

‘जा की आत. जेवण गार होतंय.’

‘सर, हात...’

‘हाताला काय झालं?’

‘तुम्ही धरलाय.’

‘घट्ट आहे?’

‘हो.’

‘मग चांगलंच आहे की.’

सरांच्या चेहऱ्यावर थट्टेचं काही दिसत नव्हतं. ठोसर एक पाय उंबऱ्यावर, एक पाय पडवीत, असे अवघडून उभे राहिले. आत दोन पावलांवर वाढलेलं पान दिसत होतं. नारळाच्या रसातल्या मासळीचा वास येत होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. हात हिसडावा, तर गुरू. न हिसडावा, तर किती वेळ?

मिल्काबाई हातातला कालथा घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मनगटाकडे.

‘याला दारातच धरून ठेवायचं होतं, तर मला पानं कशाला मांडायला लावलीत?’

‘मी कुठं अडवलंय? मी तर मघापासून आत जा म्हणतोय.’

‘सोडा हो त्याला. वळ उठतील.’

सरांनी सोडलं.

त्यांच्या घराच्या चौकटीला, उजव्या हाताला, बोटभर लांबीची एक डबी तिरपी ठोकलेली होती. सर ज्यू; त्या लोकांच्या घराला ती असते. आत धर्मवचन लिहिलेलं कातडं गुंडाळून ठेवलेलं असतं, आणि घरात शिरताना तिला हात लावतात. सरांनी बोटाचं टोक डबीला टेकवलं, ते बोट ओठांना लावलं, आणि ते आत गेले. ठोसरांनी त्यांना हे शेकडो वेळा करताना पाहिलं होतं. तेवढ्याला वेळ लागत नसे. चालणंही थांबत नसे.

ठोसर दारातच उभे होते.

‘आता का थांबलास?’ आतून सर म्हणाले.

जेवताना सरांनी त्या विषयाला हात लावला नाही. ठोसरांनी एकदा सोमवारची आठवण काढली, तेव्हा मासळीत काटे आहेत, जपून खा, एवढंच उत्तर मिळालं. मिल्काबाईंनी तांदळाची भाकरी वाढता वाढता यामिनी कशी आहे म्हणून विचारलं. बरी आहे, ठोसर म्हणाले. हुशार मुलगी, मिल्काबाई म्हणाल्या, कमी बोलते. ठोसरांनी मान खाली घालून काटे काढले.

निघताना त्यांनी मनाचा हिय्या करून विचारलंच.

‘मग समितीत काय सांगाल, सर?’

‘तू म्हणशील ते.’

‘म्हणजे... माझ्याला तुमची हरकत नाही?’

‘काम तुझं आहे. तू ज्याचं नाव घेशील त्याला माझी मान.’

जे मागायला आले होते ते मिळालं होतं. ठोसर पाया पडले आणि एसटीत बसले. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी वाटभर ते सरांवर चिडून राहिले. वय झालं म्हणजे माणसं अशी वागतात. गावात राहून सवंग विनोद सुचायला लागतात. शिष्य इतक्या लांबून येतो आणि हे त्याला बायकोसमोर लहान पोरासारखं दारात उभं करतात. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना ते अजून मनगट चोळत होते.

लाँचमध्ये त्यांना ते थर आठवले.

थाळीत पेशींचा एकच थर. म्हणजे थाळीतली प्रत्येक पेशी दारातलीच. तिथं आत असं काही नसतंच.

गाठीला असतं. गाठीत पेशीवर पेशी, थरावर थर, आणि मधून कुठे कुठे रक्तवाहिनी गेलेली. औषध घेऊन येणारा त्या वाहिनीतून बाहेर पडणार आणि पहिली जी पेशी भेटेल...

ठोसर उठून लाँचच्या कडेला जाऊन उभे राहिले. कुणीतरी विचारलं, मळमळतंय का. ते हो म्हणाले.

असंच होईल असं मुळीच नव्हतं, हे ते स्वतःला बजावत राहिले, आणि त्यात चूक काही नव्हती. गोचीड जास्त मात्रेत दिला तर पहिल्या ओळीतल्या पेशी भरून जाऊन उरलेला पुढे सरकेलही. दारातल्याच पेशी मारून वाट मोकळी होईलही. हजार शक्यता होत्या. फक्त त्यांतली एकही कुणी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते यामिनीबाईंच्या टेबलापाशी गेले. बोलायला त्यांना जरा वेळच लागला. गाठी असलेल्या उंदरांना दोन्ही प्रतिपिंड द्यायचे, ते म्हणाले, चमकणारा हिरवा रंग लावून. मग गाठी काढून बारीक काप करायचे आणि कोण कुठवर पोचलं ते बघायचं.

‘दोन्ही?’ बाईंनी विचारलं.

‘दोन्ही. आणि कुठल्या कापात कुठला आहे, ते मला सांगू नका.’

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि बरं म्हटलं.

सोमवारची बैठक पुढे ढकलावी लागली. ज्या माणसाने घाई केली होती त्यानेच ती थांबवावी, याची संस्थेत मजा झाली. कॅन्टीनमध्ये कुणी कुणी येऊन विचारपूस करून गेलं, गोचीड आजारी आहे का म्हणून. ठोसरांना झोप लागेना. प्रयोग नीट झाला नाही तर बरं, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

काप तयार झाले तेव्हा यामिनीबाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकावर बसवलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या.

पहिल्या कापात सगळीकडे फिकट हिरवं होतं. कुठे दाट, कुठे विरळ, जुन्या लुगड्याचा रंग उतरावा तसं. पण गाठीच्या मध्यापर्यंत होतं.

दुसरा काप लावला आणि ठोसरांचे डोळे दिपले. रक्तवाहिनीभोवती हिरवंगार कडं. इतकं लखलखीत त्यांनी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. कड्याच्या बाहेर, तिथून थेट पुढच्या वाहिनीच्या कड्यापर्यंत... काळोख.

त्यांनी काप सरकवला. पुन्हा कडं, पुन्हा काळोख. आणखी सरकवला.

त्यांनी बराच वेळ डोळा वर केला नाही. कुठला कुठला ते त्यांना कळलं होतं. पण नियम त्यांनीच घातला होता.

‘सांगा,’ ते म्हणाले.

‘चमकतोय तो तुमचा,’ यामिनीबाई म्हणाल्या.

त्यापुढे त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. ठोसर आजही त्याबद्दल त्यांचे उपकार मानतात.

मात्रा वाढवून पुन्हा बघितलं. कडं जाड झालं. मध्य काळाच राहिला. समितीत ठोसरांनी स्वतः उभं राहून जुन्याचं नाव घेतलं आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. सर आले होते. ते मागच्या रांगेत बसले होते, आणि चित्रांकडे त्यांनी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ पाहिलं, असं ठोसरांना वाटतं. मग त्यांनी मान हलवली.

जुना प्रतिपिंड बनला, रुग्णांना दिला गेला. काहींच्या गाठी आटल्या, काहींच्या नाही. चमत्कार झाला नाही. औषधांच्या बाबतीत बहुधा होत नाही. गोचीड शीतकपाटात पडला, तो पुढे रक्ताच्या तपासणीसाठी बाहेर आला. रक्तात मिसळलेला कर्करोगाचा पदार्थ अगदी कणभर असला तरी पकडून धरायचा, एवढंच तिथं काम असतं. थाळीत. ते तो उत्तम करतो.

ठोसर प्राध्यापक झाले, संचालक झाले. दर वर्षी नव्या मुलांना ते रेवदंड्याची गोष्ट सांगत. सगळं आधीच ठाऊक असूनही एक शब्द न सांगणारे गुरू. नुसता हात धरणारे. मुलांना ती आवडे. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली, आणि ठोसरांच्याही मनात सरांना सगळं ठाऊक असणं पक्कं बसून गेलं.

यामिनीबाईंच्या निवृत्तीच्या दिवशी ठोसरांनी भाषणात तीच गोष्ट सांगितली. नंतर चहाच्या वेळी बाई त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या की एक गोष्ट इतकी वर्षं सांगायची राहून गेली. तुम्ही रेवदंड्याहून निघालात त्या दुपारी सरांचा मला फोन आला होता. निरंजन काप करायला सांगेल, तयारी ठेव, म्हणाले. आणि म्हणाले, बहुतेक त्याचाच सरस ठरेल.

ठोसरांनी ते खरं मानलं नाही. बाईंची ऐकण्यात गल्लत झाली असेल; इतक्या वर्षांत कुणाच्याही आठवणीत काहीही होतं. पण त्यांना चैन पडेना.

मिल्काबाई गेल्यावर सर ठाण्याला मुलीकडे राहायला आले होते. नव्वदीला टेकलेले, ऐकू कमी यायचं. ठोसर खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं.

‘सर, माझा प्रतिपिंड गाठीत शिरणार नाही, हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं ना?’

‘नव्हतं.’

‘पण अंदाज असेल.’

‘अंदाज होता ना.’ सर खिडकीबाहेर बघत होते. ‘शिरेल असा.’

‘मग माझा हात कशाला धरलात?’

सरांना ऐकू गेलं नाही असं ठोसरांना वाटलं. ते पुन्हा विचारणार होते.

‘तुलाही शिरेल असंच वाटत होतं,’ सर म्हणाले. ‘मग बघणार कोण होतं?’